पडद्यामागची वही

कोपरगाव,
ता. १० डिसेंबर १९४७

सौ. सरोजिनीस,

सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. तीनदा लिहिले नि तीनदा खोडले, म्हणून वरती ही गिचमीड दिसते आहे. कागद महाग आहे, तेव्हा त्यावरच पुढे लिहितो.

शोभाचा खोकला कसा आहे? तिची लोकरीची टोपी खुंटीवरच राहिली. इतक्या घाईनं निघण्यासारखं काही नव्हतं. शेवगावची थंडी इथल्यापेक्षा कोरडी, पोरीच्या छातीला बाधेल. टोपी वेगळी पाठवतो.

तू गेल्याला आज बारा दिवस झाले. कडूबाई दूध घालताना रोज विचारते, "बाई कवा येत्याल वं?" मी सांगतो, चार दिवसांत. काल म्हणाली, "तुमचं चार दिस लई लांबलं की." मी तिला म्हटलं, तू माप नीट भर, माझे दिवस मोजू नकोस. मग दिवसभर मला त्याचं वाईट वाटत राहिलं.

बरं, मुद्द्याचं सांगतो. विक्रीकराच्या साहेबांची नोटीस आली. मागच्या वर्षी दसऱ्याला दुकान उघडलं तेव्हा मी काय ऐटीत म्हणालो होतो, आठवतं? आता माझ्यावर कोणी साहेब उरला नाही! अकरा वर्षं कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजल्या, एक तारखेला पगार घेतला, आणि कर हा शब्द फक्त वर्तमानपत्रात वाचला. बादल्या, कंदील, खिळे नि दोरखंड विकायला सरकारला काय विचारायचं, अशी माझी समजूत. स्वराज्य आलं तेव्हा तर वाटलं, उरलंसुरलं विचारणंही संपलं.

माझा घोटाळा इथेच झाला. मला वाटत होतं, नफा झाला तर कर. आपला नफा तर कंदिलाच्या फुटक्या काचांतच गेला. साहेब म्हणाले, नफ्यावरचा कर वेगळा, त्याची कचेरी वेगळी, हा विक्रीवरचा. सरकारनं विक्रीची एक मर्यादा घातली आहे, वर्षाची विक्री तिच्या आत असेल तर हा कर लागू नाही. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण आपण त्या मर्यादेच्या निम्म्यावरसुद्धा गेलेलो नाही. पण त्यांचं पुढचं वाक्य असं, की कर लागत नाही हेसुद्धा वहीवरूनच दाखवावं लागतं.

आणि वह्या तर आपल्या घाटाखालच्या गंगेत गेल्या.

वह्या नाहीत म्हणून त्यांनी शेजारच्या दुकानांवरून अंदाजानं आपली विक्री अठ्ठेचाळीस हजार धरली आहे. कर नि दंड मिळून साडेबावीसशे. वीस जानेवारीला नगरला सुनावणी आहे, तोवर पुरावा दिला नाही तर हाच आकडा कायम. दुकानातला शेवटचा खिळा विकला तरी दोन हजार उभे राहायचे नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा नेमकं ठाऊक.

शोभाला गोड पापा.

नृसिंह

ता. क. तू पडद्यामागे बसून ज्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत विक्री टिपायचीस, ती तुझ्या ट्रंकेत गेली असेल. सापडली तर पाठव. नसेल तर राहू दे, त्यासाठी म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही.


कोपरगाव,
ता. २४ डिसेंबर १९४७

सौ. सरोजिनीस,

तुझं उत्तर नाही. शामकांताचं कार्ड आलं. तुझ्या भावानं मामलेदार कचेरीत राहून शब्द वाचवायची कला चांगली कमावली आहे. 'पत्र पावले. वहीबद्दल सरोजिनीस ठाऊक. ती बोलत नाही. शोभा बरी आहे.' चार वाक्यं, आणि त्यांतलं एकही माझ्यासाठी नाही.

ती बोलत नाही म्हणजे काय? इथे माझ्या गळ्याशी आलं आहे आणि तिथे तू मौन धरून बसली आहेस. साहेबांसमोर माझ्या तोंडून जे निघालं ते घाबरलेल्या माणसाचं बोलणं होतं. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. एका वाक्यासाठी कोणी संसार उचलून माहेरी नेत नाही!

दुपारी दुकानात बसवत नाही. गिऱ्हाईक आलं की अजून सवयीनं मान पडद्याकडे वळवून ओरडतो, "दोन बादल्या, एक कंदील!" परवा आसारामनं ते ऐकलं. शेजारचा पेंडवाला आसाराम, तुला त्याचा मोठा आवाज आवडत नाही तो. तो म्हणाला, "पंत, आत कोन हाय?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यानं मग विषय बदलला. मोठ्या आवाजाच्या माणसाला एवढं कळतं हे मला नवीन होतं.

त्यालाच मी विचारलं, तुझ्या जुन्या वह्या तू काय करतोस? तो मला माळ्यावर घेऊन गेला. लाल कापडात बांधलेली गाठोडी, त्याच्या आज्यापासूनची. म्हणाला, "आवो पंत, वही कुनी गंगेत सोडतं व्हय? वाळवीनं खाल्ल्या तर खाऊ द्याव्या, पन हातानं न्हाई सोडायच्या. वही म्हंजी दुकानाची साक्ष." खाली उतरताना त्याची बायको पदरात हसत होती. सगळ्या पेठेला गोष्ट कळली आहे.

त्यांना सांगून कळणार नाही. आमच्या घरी चार पिढ्या पोथ्या सांभाळल्या. जीर्ण पोथी, सरलेलं पंचांग, हळदकुंकू लागलेला कुठलाही कागद रद्दीत जात नाही, पायाखाली येऊ देत नाहीत. फुलं वाहून पाण्यात सोडतात. वडील दर वर्षी घाटावर ते करत, आणि त्यांचं धोतर भिजू नये म्हणून मागून मी धरून उभा असे. आपल्या वह्यांची दसऱ्याला पूजा झाली होती. वर्ष सरलं, नव्या वह्यांवर श्री काढला, मग जुन्यांचं दुसरं काय करायचं? दुकानदाराच्या घरात जन्मलो असतो तर हे झालं नसतं. पण झाले ते झाले.

काल भिमाजी कोळ्याला घाटापाशी बुड्या मारायला लावल्या. तिसऱ्या बुडीला त्याच्या हाती लाल फडकं लागलं, ज्यात वह्या बांधल्या होत्या ते. आत शेवाळ होतं. "महिना उलटून गेला, पंत," तो म्हणाला, "कागुद काय ऱ्हातोय का?" फडकं धुऊन वाळत घातलं आहे. कशासाठी ते मला माहीत नाही.

निळी वही पाठव.

नृसिंह


कोपरगाव,
ता. ५ जानेवारी १९४८

सरू,

मागचं पत्र टाकून आलो आणि पेटीपाशीच पश्चात्ताप झाला. पोस्टमनला म्हटलं, परत दे. तो म्हणाला, एकदा पेटीत पडलं की ते सरकारचं. हल्ली माझ्या घरातलं सगळंच सरकारचं होत चाललं आहे.

मागच्या दोन पत्रांत दोन शब्द मी फार जपून वापरले. 'झाले', 'गेल्या'. वह्या गंगेत 'गेल्या'. जणू त्या आपल्या पायांनी घाट उतरल्या. तू वाचताना तिथे बोट ठेवलं असशील, मला दिसतं आहे.

मीच सोडल्या. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी तू रांगोळी काढत होतीस. मी तिन्ही वह्या फडक्यात बांधल्या, तेव्हा उंबऱ्यावर उभी राहून तू म्हणालीस, "अहो, नको. जुन्या ठेवायच्या असतात. कोणी विचारलं तर?" मी विचारलं, कोण विचारणार? तू म्हणालीस, "ते माहीत नाही, पण एवढं लिहिलंय ते कोणीतरी विचारेलच की." मी हसलो. सातवी पास बाईनं पोथ्यांच्या घराला कागदाचा धर्म शिकवावा, असं काहीतरी बोललोही. तू हाताची रांगोळी झटकलीस आणि आत गेलीस.

त्यानंतर पंधरा दिवसांनी साहेब आले. माझ्याच वयाचे, पण बूट घातलेले, आणि बरोबर लिहून घेणारा कारकून. वह्या कुठे आहेत, म्हणाले. मी सांगितलं, विसर्जन केल्या. ते माझ्याकडे असं बघायला लागले की आजवर कोणी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. कारखान्याच्या काट्यावर माझ्या मोजण्याला कोणी हरकत घेतली नव्हती, सरू. त्या नजरेत मी एका क्षणात गावठी, बावळट भटजी झालो. आणि माझी जीभ वळली. "मी नाही, साहेब. बायको अडाणी आहे हो. अक्षरशत्रू. पूजेच्या म्हणून तिनंच नेऊन सोडल्या."

साहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. किती चटकन पटलं! कारकुनानं जबाब लिहिला, 'पत्नी निरक्षर', आणि मी खाली सही केली, वळणदार.

तू पडद्यामागेच होतीस. पेन्सिल खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. मी तेव्हाही पडदा बाजूला केला नाही. साहेब गेल्यावरही केला नाही. गिऱ्हाईक आहे असं दाखवत रिकाम्या रस्त्याकडे बघत बसलो. दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं तू शोभाला घेऊन गेलीस, आणि तुला अडवावं एवढं तोंड मला नव्हतं.

लाज वाटते. हे लिहायला मला पाच आठवडे लागले, आणि ते साडेबावीसशे रुपयांनी लिहायला लावलं हेही खरंच आहे. वही पाठवलीस तर दुकान राहील. नाही पाठवलीस तर मला बोलायला जागा नाही.

नृसिंह


कोपरगाव,
ता. १५ जानेवारी १९४८

सरू,

वही आली. संक्रांतीच्या दिवशीच रजिस्टर पार्सल आलं. मी वेड्यासारखा पुडा झटकून पाहिला, तिळाचा एखादा दाणा तरी पडतो का. चिठ्ठी पडली. 'वही पाठवली आहे. शोभाला टोपी बसत नाही, डोकं वाढलं. मी येणार नाही.'

काल दुकान उघडलं नाही. आधी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वही वाचली, मग पुन्हा वाचली. मी संध्याकाळी हिच्यावरून मोठ्या वह्यांत उतरवून घ्यायचो तेव्हा फक्त आकडे बघायचो. काल पहिल्यांदा अक्षर पाहिलं. प्रत्येक पानाला नंबर. प्रत्येक महिन्याची बेरीज. पावसाळ्यात शोभाला गोवर आला होता त्या दिवसांची विक्रीसुद्धा आहे. ती तू कधी टिपलीस? एका ठिकाणी 'कडूबाईस कंदील, पैसे घेऊ नयेत असे वाटते, ह्यांना विचारणे' असं आहे. तू मला विचारलं नव्हतंस. पुढे तिथे तुझ्या घरखर्चातून जमा दिसते.

आणि पान एकशे बारा. त्याच्या मागच्या बाजूला वर्षाची एकूण विक्री आहे, तेरा हजार चारशे नऊ रुपये, खाली दोन रेघा. एवढं एक पान साहेबांपुढे ठेवलं की मी सुटलो. त्याच पानाच्या पुढच्या बाजूला आहे, '१३ नोव्हेंबर. पाडवा. दुकान बंद. ह्यांनी जुन्या वह्या गंगेत सोडल्या. मी नको म्हटले.'

तू हे मुद्दाम लिहिलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. साहेब येणार हे तेव्हा कुणाला माहीत होतं? तू रोजचं लिहायचीस तसं लिहिलंस.

आता खरं सांगतो. मी पट्टी ठेवून पाहिली. एवढ्या दोन ओळींची पट्टी कापता येईल का, मागचा आकडा न दुखवता. नाही येत. ओळींच्या बरोबर मागे बेरीज आहे. मग शाई सांडून पाहावी असंही मनात आलं, दौत हातात घेतलीही होती. तेवढ्यात शेवटच्या पानावर नजर गेली. '२८ नोव्हेंबर. एक बादली. दोन काचा. साहेब आले.' त्यापुढे पेन्सिलीची एक तिरपी रेघ, पानाच्या टोकापर्यंत गेलेली.

मी दौतीला बूच लावलं.

नृसिंह


कोपरगाव,
ता. २८ जानेवारी १९४८

सरू,

सुनावणी होऊन आठ दिवस झाले. लगेच का लिहिलं नाही ते पुढे कळेल.

नगरला पोचलो तेव्हा खोलीत माझ्यासारखे दहा-बारा व्यापारी भिंतीला टेकून बसलेले होते. प्रत्येकाच्या मांडीवर वह्यांचं गाठोडं. माझ्याकडे एक निळी वही, तीही भिमाजीनं काढलेल्या त्याच लाल फडक्यात बांधलेली. शेवटी त्याचा एवढा उपयोग झाला.

साहेबांनी वही सावकाश पाहिली. पानं उलटताना त्यांचा चेहरा बदलत गेला, मला आशा वाटायला लागली. "उत्तम लिहिली आहे," ते म्हणाले. "असा हिशेब मला या जिल्ह्यात फार कमी दिसला. हात कुणाचा?"

"माझ्या पत्नीचा."

त्यांनी फाईल उघडली, माझा नोव्हेंबरचा जबाब काढला, आणि एकदा जबाबाकडे, एकदा वहीकडे पाहिलं. मग विचारलं, "कुलकर्णी, तुम्हाला बायका किती?"

भिंतीशी बसलेले सगळे हसले. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर. मी म्हटलं, एकच. "मग निरक्षर ती कोणती?" मी पान एकशे बारा उघडून त्यांच्या पुढे सरकवलं आणि पाडव्याच्या ओळी मोठ्यानं वाचल्या, मागच्या माणसाला ऐकू जातील इतक्या मोठ्यानं. म्हणालो, वह्या मी सोडल्या. ती नको म्हणाली होती. जबाब खोटा आहे, तो मी दिला. हसणं थांबलं. कारकुनानं नवा जबाब लिहिला. मी सही केली, या वेळी वळण साधलं नाही.

साहेब वाईट नाहीत. म्हणाले, "माझ्याकडे आता एका माणसाचे दोन जबाब आहेत. तुमच्या शब्दावर मी काही करू शकत नाही. वही मला खरी वाटते, पण ती ज्यांनी लिहिली त्यांना आणा. माझ्यासमोर चार ओळी लिहू देत, अक्षर जुळलं की कर नाही. आठ दिवस देतो."

चार ओळी, सरू. तू खोलीच्या मध्यभागी उभी आणि ती सगळी माणसं बघताहेत, तुला लिहिता येतं की नाही. मी म्हणालो, "ती येणार नाही, आणि मी तिला बोलावणार नाही." साहेब म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केला. त्यांनी माझ्याकडे पुन्हा त्या नोव्हेंबरातल्या नजरेनं बघितलं. या वेळी मी मान खाली घातली नाही.

मुदत काल संपली. म्हणून आज लिहितो. आधी लिहिलं असतं तर ते बोलावणंच झालं असतं, आणि तू आली असतीस. तू येणार नाही म्हणून लिहिलंस तरी आली असतीस, वही पाठवलीस तशी. मोटारीत बसल्यावर मात्र माझ्या ध्यानात आलं, की हेही मी तुला न विचारताच ठरवलं. ही खोड माझ्या हाडात आहे. त्याची क्षमा मागतो, पण ती मिळावी असं आज वाटत नाही.

अंदाज कायम झाला. आसारामनं सगळा माल उचलला, सतराशेला. त्यानं भाव पाडून मागितला नाही, उलट म्हणाला, "पंत, कंदील येक ठिवा घरात, अंधारात बसू नका." उरलेल्या रकमेला वडिलांचं चांदीचं ताम्हन नि पळी गेली. कारखान्याच्या काट्यावर हंगामापुरती जागा मिळाली आहे, पूर्वी माझ्या हाताखाली होता त्याच्या हाताखाली. सोमवारपासून जायचं. पडदा काढला. मागे तुझा पाट आहे आणि भिंतीवर तू पेन्सिलीला टोक करायचीस तिथे काळे ओरखडे. घरमालक चुना मारायचा म्हणतो. मी त्याला म्हटलं, महिनाभर थांब.

कडूबाईनं आज विचारलं, बाई कवा येत्याल. मी म्हटलं, माहीत नाही. ती दूध मापता मापता म्हणाली, "त्यांनी मला कंदील दिल्ता, पैशे न्हाई घेतले." मी म्हटलं, मला माहीत आहे, वहीत लिहिलं आहे.

निळी वही सोबत परत पाठवतो, ती तुझी आहे. आत एक कागद घडी करून ठेवला आहे. माझ्या दुसऱ्या जबाबाची नक्कल, कचेरीतून शिक्क्यासह मागून घेतली. 'माझी पत्नी सौ. सरोजिनी ही साक्षर असून दुकानाचा सर्व हिशेब तिनेच लिहिलेला आहे. वह्या नदीत सोडण्यास तिने मला मना केले होते. पूर्वीचा जबाब मी लज्जेपोटी खोटा दिला.' खाली माझी ती वळण न साधलेली सही.

पहिला जबाबही त्या फायलीत तसाच राहणार. साहेबांना विचारलं, तो फाडता येईल का. म्हणाले, सरकारी कागद फाडत नाहीत.

शोभाला वाचता यायला लागलं की हा कागद तिच्याकडून वाचून घे. माझं अक्षर नाही, कारकुनाचं आहे, तिला लागेल.

नृसिंह